मपली किडनी

लेकीला सोनोग्राफीच्या टेबलावर आडवी केली, आमचे डॉक्टर जेलची बाटली उचलणार, की त्याच्या आधी ती बाई पुढे यायची. लेकीच्या पोटावर, उजवीकडे खाली, ऑपरेशनची खूण होती तिथं आपला राठ तळवा ठेवायची आणि हळूच म्हणायची, "नीट वाग गं बाई. आपलं काम अजून व्हायचं हाय."

हे ती लेकीला सांगत नव्हती, आतल्या किडनीला सांगत होती. किडनी तिचीच होती ना! लेकीच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा हिनं आपली एक काढून दिली होती. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी दोघी देवणीकडच्या गावाहून लातूरला आमच्या सोनोग्राफी सेंटरात यायच्या. डॉक्टर लेकीला काही विचारायला लागले की उत्तर हीच द्यायची. "मपली हाय ती, मला इचारा." आमच्याकडे जुनी माणसं 'माझी'ला 'मपली' म्हणतात. शहरात येऊन लोक तो शब्द लपवतात. ही बाई तो शब्द भर हॉलमध्ये खणखणीत आवाजात वापरायची, आणि तोही किडनीसाठी.

मी या सेंटरात एकोणीस वर्षं रिपोर्ट टाईप करते. डॉक्टर पडद्याकडे बघून बोलतात, मी शेजारी बसून बडवते. माणसं येतात, पोट उघडं टाकतात, जातात. कुणाचा चेहरा लक्षात राहत नाही. हिचा राहिला, कारण एवढी उघड उघड सूडानं पेटलेली बाई मी दुसरी पाहिली नाही. तुम्ही पाहिली असेल तर सांगा.

एकदा बाहेर बसलेल्या एका गुरुजींना कुणाकडून तरी तिची हकिकत कळली. ते उठले, तिच्यापुढे हात जोडले आणि म्हणाले, आईचा त्याग तो आईचा त्याग. सगळा हॉल हळवा झाला. ही मात्र म्हणाली, "त्याग बिग कायी न्हाई गुरुजी. मी सूड घेऊन राहिले." गुरुजी बिचारे जोडलेले हात तसेच घेऊन खाली बसले.

सूड कशाचा, ते ती कुणालाही सांगायची. विचारायचीही गरज नव्हती. लेक उदगीरला दिलेली. जावयाचं कापडाचं दुकान, घर भरलेलं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी पोरगी गरोदर राहिली, अंगावर सूज आली, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. सासू म्हणाली, डोहाळे आहेत. पोरगी म्हणाली, मला दवाखान्यात न्या. जावई म्हणाला, दिवाळीची गर्दी सरू दे. गर्दी सरेपर्यंत सातव्या महिन्यातलं बाळ गेलं, आणि पुढच्या काही महिन्यांत किडन्याही गेल्या. मग त्यानं तिला माहेरी आणून सोडली आणि आठ माणसांत सांगितलं की पोरगी आधीपासूनच आजारी होती, यांनी लपवून आमच्या गळ्यात मारली.

बाळ गेलं, किडन्या गेल्या, हे एक वेळ तिनं नशिबावर ढकललं असतं. पण 'लपवून गळ्यात मारली' हा शब्द तिला जन्मभर पचला नाही. ठणठणीत पोरगी दिली, मोडून परत केली, आणि वर मलाच खोटं ठरवलं, असं ती म्हणायची. हे म्हणताना तिचा आवाज अजिबात चढत नसे, म्हणून ऐकायला जास्त भीती वाटायची.

जावयाला दुसरं लग्न करायचं होतं. वकिलानं सांगितलं की बायको आजारी आहे एवढ्यावर सोडचिठ्ठी मिळत नाही, तिची सही आणा. सही ही देऊ देईना. मग त्यानं साधा हिशेब केला असावा, की डायलिसिसवरची बाई किती दिवस काढणार, थांबू. हे कुणीतरी हिच्या कानावर घातलं. त्याच आठवड्यात ही हैदराबादच्या दवाखान्यात जाऊन म्हणाली, मपली किडनी काढा. मला हे सांगताना तिनं बोट नाचवलं होतं. "तो हिच्या मरणाची वाट बगून राहिला. बग म्हणलं. म्हातारा होस्तोर बग."

आता खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडलं. माझंही लग्न मोडलेलं आहे. कागद आले तशी मी पंधरा दिवसांत सही करून मोकळी झाले, भांडण नको म्हणून. सगळ्यांनी मला शहाणी म्हटलं. हिला कळलं तेव्हा हिनं कपाळावर हात मारून घेतला. म्हणाली, तू मोकळी झालीस ते दिसतंय, पण तो बी फुकटात मोकळा झाला की. त्या दिवशी घरी जाऊन मी भाकरी थापता थापता रडले, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या सूडाला माझी मनातून पूर्ण साथ होती.

लेकीचं मात्र वेगळं होतं. ती अबोल, पडेल खांद्याची, आईच्या मागं मागं चालणारी. एकदा आई बाहेर पाणी प्यायला गेली तेव्हा ती मला म्हणाली, ताई, आईला समजावता का, मला सही देऊन टाकायची हाय, मला बी सुटायचं हाय. मी हो म्हणाले आणि काही समजावलं नाही. तिच्या आईचा सूड मला गोड लागत होता.

आता थोडं आमच्या धंद्याचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. दुसऱ्याची किडनी बसवतात ती पाठीत नाही, पुढे ओटीपोटात बसवतात. तिची रक्तवाहिनी पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला शिवतात. कधी कधी काही महिन्यांनी त्या शिवणीपाशी आवळून येतं. मग किडनीला रक्त कमी पोचतं, बीपी चढतं, पायावर सूज येते, आणि वेळेत कळलं नाही तर बसवलेली किडनीही हातची जाते. हे सोनोग्राफीत दिसतं, पण नुसतं किडनीकडे बघून नाही. रक्तवाहिनीचा माग काढत शिवणीपर्यंत जावं लागतं आणि तिथं रक्त किती वेगानं धावतंय ते मोजावं लागतं. मशीन त्या धावण्याचा आवाजही ऐकवतं.

आमच्या डॉक्टरांनी हे तिला पाण्याच्या पाइपवरून समजावलं होतं. पाइपवर अंगठा दाबला की तिथं पाणी जोरात उडतं, आणि पुढे वाफ्यात मात्र पोचत नाही. जन्म शेतात गेलेला, तिला एका वाक्यात कळलं. तेव्हापासून ती डोळे मिटून आवाज ऐकायची. हूश, हूश, हूश. आवाज बरा वाटला की मान हलवायची आणि म्हणायची, "चालू हाय मपली."

एका शुक्रवारी आमचे डॉक्टर लग्नाला गेले होते. त्यांच्या जागी नांदेडहून एक डॉक्टर यायचे ते बसले. नाव इथं लिहीत नाही, मनात रोज लिहिते. हात चांगला होता त्यांचा, पण घाई फार. बाहेर पंचवीस पेशंट, आणि त्यांना संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं होतं. त्यांनी प्रोब, म्हणजे पोटावरून फिरवायचं ते यंत्र, किडनीवर टेकवला, आकार बघितला, आत रंग येतोय, म्हणजे रक्त जातंय, हे बघितलं आणि मला म्हणाले, "ठीक आहे. मागचाच मारा."

'मागचाच मारा' म्हणजे काय ते आमच्यातल्या लोकांना माहीत आहे. पेशंटचा मागचा रिपोर्ट उघडायचा, तारीख बदलायची, प्रिंट द्यायची. नेहमीच्या पेशंटचा असा रिपोर्ट निघतो, कुणाचं काही बिघडत नाही, असं आम्ही मानतो.

टेबलाशेजारून ती म्हणाली की दादा, तुमी खाली शिवणीपशी गेलाच न्हाईत, अन् आवाज बी आज येगळा हाय. डॉक्टर हसले. आई, आवाज आम्हाला कळतो, तुम्ही काळजी करू नका, असं म्हणाले आणि पुढचं नाव पुकारायला सांगितलं. तिनं माझ्याकडे बघितलं. मला ठाऊक होतं की आमचे डॉक्टर त्या शिवणीवर दहा-दहा मिनिटं घालवतात. मला हेही ठाऊक होतं की मागच्या रिपोर्टात शिवणीपाशी मोजलेले आकडे आहेत आणि आज कुणी काही मोजलेलं नाही. आवाज बदलला होता, तोही माझ्या कानांनी ऐकला होता. मी मान खाली घातली आणि तारीख बदलली.

टाईप करणारीनं डॉक्टरला काय सांगायचं, असं मी स्वतःला सांगितलं. रांडेचं हे वाक्य अजून माझ्या कानात वाजतं.

नवव्या दिवशी ती परत आली. लेकीचे पाय सुजलेले, चेहरा भरलेला, बीपी गोळ्यांना दाद देईना. हैदराबादच्या डॉक्टरांना फोनवर आमचा रिपोर्ट पाठवला होता. रक्तवाहिनी ठीक आहे म्हटल्यावर त्यांनी गोळ्या वाढवल्या होत्या. चूक आमची होती आणि नऊ दिवस त्या पोरीच्या अंगावर गेले होते. हिनं कुणालाही न विचारता आत येऊन माझ्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले, तीन महिन्यांपूर्वीचा आणि त्या शुक्रवारचा.

तिला इंग्रजी येत नव्हतं. मराठीही जेमतेम सहीपुरतं येत असावं. तिनं आकड्यांवर बोट ठेवलं. मग दुसऱ्या कागदावरच्या आकड्यांवर. सगळे तेच, शेवटच्या ठिपक्यापर्यंत.

"तुरीचं एकच पोतं दोनदा काट्यावर टाकलं," ती म्हणाली, "तर दोनदा येगळं वजन येतं. मपल्या पोरीचं रक्त तीन महिन्यानं बी तेवढंच्या तेवढं कसं धावलं गं?"

आमचे डॉक्टर उठून आले, दोन्ही कागद बघितले आणि मग माझ्याकडे बघितलं. त्यांनी आधी पोरीला टेबलावर घेतलं. या वेळी शिवणीपाशी प्रोब गेला तसा मशीनमधून चिरका, ताणलेला आवाज यायला लागला, आणि पुढे किडनीच्या आत नुसती मंद धुसफूस. डॉक्टर आकडे सांगत गेले. आधीच्या आकड्यांशी त्यांचा काही संबंध नव्हता. मी प्रत्येक आकडा दोनदा विचारून घेत होते. त्यांनी तिथूनच हैदराबादला फोन लावला आणि दुपारी दोघी गाडी करून निघाल्या. तिथं मांडीतून तार घालून ती आवळलेली जागा फुग्यानं उघडली आणि आत स्प्रिंग बसवली. आणखी आठ-दहा दिवस गेले असते तर किडनी गेली असती, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

नांदेडच्या डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, मी सांगितलं एक, तिनं टाईप केलं भलतंच. म्हणजे सगळं माझ्यावर. मी खोटी नव्हते, पण खरी तरी कुठं होते? आमच्या डॉक्टरांनी त्यांना पुन्हा बोलावलं नाही. मलाही घरी बसवणार, अशी माझी खात्री होती.

हैदराबादहून परत आल्यावर ती आधी माझ्याबद्दल बोलायला डॉक्टरांकडे आली. दार उघडं होतं, मी सगळं ऐकत होते. डॉक्टर तिची माफी मागत होते आणि मला काढण्याचं बोलत होते. तिनं त्यांना थांबवलं.

"तिला काढू नका. दुसरी आणाल, तिला येवढी बी लाज असणार न्हाई. ही आता मपल्या पोरीचा रिपोर्ट मरेस्तोर चुकवायची न्हाई."

ही दया होती असं तुम्हाला वाटत असेल तर थांबा. त्यानंतर दर तीन महिन्यांनी रिपोर्ट हातात पडला की ती हॉलच्या मधोमध उभी राहायची आणि मला बाहेर बोलवायची. "ये टायपिंगवाले, वाच." मग मी उभ्यानं, तीस-चाळीस माणसांसमोर, मागचे आकडे आणि आजचे आकडे मराठीत मोठ्यानं वाचायचे. ती प्रत्येक आकड्याला "बरं, फुडं" म्हणायची. कुणी विचारलं की हे काय चाललंय, तर शांतपणे सांगायची की हिनं एकदा चोरी केली होती, म्हणून हजेरी घेऊन राहिले. पहिल्या दोन वेळा मी मोरीत जाऊन रडले. तिसऱ्या वेळी मला तिचा एवढा राग आला की जिन्यात पडावी असं मनात आलं. तिच्या तारखेच्या आदल्या दिवशी मला जेवण जात नसे.

दीड वर्ष हे चाललं. मग एकदा तिनं वाचून झाल्यावर पिशवीतून तुपाचा डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला. दावणीला देवणी जातीच्या गाई होत्या तिच्या, चांगल्या दुभत्या. मी गहिवरून काही बोलायला गेले तर म्हणाली, माफ केलं असं समजू नगंस, जास्तीचं झालं म्हून आणलं. पुढच्या वेळी पुन्हा वाचायला लावलंच. पण त्या दिवसापासून माझ्या बोटांखालून कुणाचाही मागचा रिपोर्ट पुढं गेला नाही. आमच्या डॉक्टरांनीही कधी घाईत म्हटलं तर मी म्हणते, आकडे सांगा सर.

गेल्या वेळी लेक एकटीच आली. मी दाराकडे बघत राहिले. मावशी कुठायत, म्हटलं. ती म्हणाली, "आई गेली ताई. पंधरा दिवस झाले." सकाळी गोठ्यात धार काढायला बसली ती उठलीच नाही. काळजाचा झटका. गावातले लोक म्हणाले, एक किडनी दिली म्हणून गेली. आमच्या डॉक्टरांनी पोरीला समोर बसवून समजावलं की याचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे मनातून काढून टाक. ती ऐकत होती. किती पटलं ते मला सांगता येत नाही. ज्या बाईनं मला दीड-दोन वर्षं भर हॉलमध्ये उभं केलं तिच्यासाठी मला एवढं रडू येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

सोनोग्राफी चांगली आली. शिवणीपाशी रक्त मोकळं धावत होतं. मी रिपोर्ट दिला तरी ती हलेना. म्हणाली, ताई, तुमच्याकडून अजून एक कागद टाईप करून पायजे, दवाखान्यातला न्हाई, घरचा हाय.

मग तिनं सांगितलं. तेराव्याला नवरा आला होता, त्याची आई आणि मामा यांना घेऊन, सोडचिठ्ठीचे कागद घेऊन. सासू ओसरीवर बसल्या बसल्या म्हणाली की म्हातारी आडवी येत होती, आता तरी पोरीनं शहाणपणा करावा. तिकडं एक स्थळ वाट बघत होतं, त्यांना थांबायला वेळ नव्हता.

"अन् तू काय म्हणलीस?"

"देते म्हणलं सही."

माझ्या अंगाची लाही झाली. दिवस उलटले नाहीत आणि आईनं रक्त आटवून धरून ठेवलेलं हिनं एका दमात सोडून दिलं. मी तिला नको ते बोलणार होते. तेवढ्यात तिनं पर्समधून वहीचं पान काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"पण आधी हे लिहून दे म्हणलं. अन् रविवारी आमच्या गावात, जिथं तू मपल्या आईला खोटी म्हणलास तिथं, त्याच माणसांत उभं राहून वाच. मग सही."

सासू उठून गाडीत जाऊन बसली होती. नवरा जमिनीकडे बघत हो म्हणाला. मला विचाराल तर मी तेवढ्यावरही सही दिली नसती. मी त्याला म्हातारा होऊ दिलं असतं. पण ती मी नव्हते आणि तिची आईही नव्हती. तिला सुटायचं होतं, आणि सुटताना आईचा शब्द खरा करून सुटायचं होतं. एवढी वर्षं मी तिला आईच्या मागून चालणारी पोरगी समजत होते.

पानावर पाच ओळी होत्या. लग्नाच्या वेळी माझी बायको ठणठणीत होती. आजार आमच्या घरी झाला. ती सांगत असताना आम्ही तिला दवाखान्यात नेलं नाही. तिच्या माहेरच्यांनी काहीही लपवलं नव्हतं. मी खोटं बोललो.

अक्षर लागलं नाही म्हणायला त्याला जागा नको, म्हणून टाईप करून पाहिजे होतं. डॉक्टरांना विचारून मी नवीन कोरं पान उघडलं. एक एक ओळ बडवली, तिला वाचून दाखवली, पुन्हा तपासली. तिला म्हटलं, बघ, अजून काही राहिलं का.

ती पडद्याजवळ वाकली आणि प्रत्येक ओळीखालून बोट फिरवत शेवटपर्यंत आली. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"येवढी ओळ मोठी करा," ती म्हणाली. "सगळ्यात मोठी."

मी केली. ती म्हणाली, अजून. मी आणखी मोठी केली. बाकीच्या चार ओळी वर सरकल्या आणि अर्ध्या पानावर एवढंच राहिलं, 'मी खोटं बोललो.'